बालकाचे म्हणणे

नमुना छापील आहे. वरून सातवा रकाना:
बालकाचे म्हणणे.
जागा दोन ओळींची.
खाली लगेच सही, शिक्का, दिनांक.

मंगळवारी आणि शुक्रवारी समिती बसते
परभणीत, जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर.
जिन्याला बत्तीस पायऱ्या आहेत.
मी कधी मोजल्या नव्हत्या,
येणाऱ्या लेकरांनीच सांगितल्या.

मी कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार
आणि एक कीबोर्ड, ज्यावर 'ळ' दाबून धरावा लागतो.
लेकरं बोलतात, मी त्याचं शासकीय मराठी करतो.
"मामा मारायचा" म्हणजे
नातेवाइकांकडून काळजीचा अभाव.
"मला नाही जायचं" म्हणजे
बालक पुनर्वसनास अनुत्सुक.
सहा वर्षांत हात इतका बसलाय
की लेकराचं वाक्य संपायच्या आत
माझं टाइप झालेलं असतं.

तिचं नाव लिहायला कायद्यानं मनाई आहे,
इथंही लिहीत नाही.
वय अंदाजे अकरा. पूर्णा जंक्शनवर सापडली,
ओढणीचं एक टोक आपल्या कमरेला
आणि दुसरं धाकट्याच्या मनगटाला बांधून बसलेली.
गाठ पोलिसांना सुटेना.
तिनंच सोडली, दातांनी.
तेव्हापासून तो इथं, मुलांच्या बालगृहात,
ती नांदेडला, मुलींच्या.
नियम बरोबर आहे.
मधे पूर्णा लागते.

नुसरत मॅडम टेबलामागून उठल्या
आणि बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसल्या.
पंखा खडखडत होता, तो बंद करायला लावला.
मे महिना. आम्ही सगळे घामानं निथळत
ती काय बोलते याची वाट पाहत राहिलो.
काशीनाथ चहा घेऊन दारातच थांबला,
चहावर साय धरली,
तरी कुणी "बोल ना बाळा" म्हणालं नाही.
मग ती म्हणाली,
"मपला भाऊ अंधाराला भेतो.
तिथं रातच्याला लाइट बंद करतेत का?"

सदर बालिकेचा बंधू, मी सुरू केलं.
"नाही," मॅडम म्हणाल्या. "ती म्हणाली तसं."
मी पुसलं. माझा भाऊ, लिहिलं.
"ती 'माझा' म्हणाली का?"

मपला.
पडद्यावर शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटली,
संगणकाला असा शब्द ठाऊक नाही.
माझी आई बोलायची, मपलं घर, मपली शेळी.
जिंतूरच्या शाळेत गुरुजींनी
छडीनं तो माझ्या जिभेवरून उतरवला होता.
आता बोटांतून आला,
आणि मला दुसऱ्यांदा वाचावा लागला.

रकाना पुरला नाही.
मॅडमनी मागं कोरा कागद जोडायला सांगितला.

आदेश निघाला. जावक क्रमांक पडला.
मुलांच्या शयनकक्षाबाहेरील दिवा
रात्रभर चालू ठेवण्यात यावा.
महिन्यातून दोनदा भेट, प्रवासखर्च कार्यालयाचा.
दोघांना एकाच आवारात ठेवायचा प्रस्ताव
वर गेला आहे. प्रलंबित.
'प्रलंबित' म्हणजे काय, हे तिला सांगायचं काम माझ्याकडं आलं.
मी म्हणालो, अजून ते नाही म्हणालेले नाहीत.
"हो बी म्हन्ले नाहीत की."
तेही लिहिलं.

परवा रात्री मुद्दाम बालगृहाकडून गेलो.
वीज गेलेली, सगळी गल्ली काळीठिक्कर.
व्हरांड्यात काळजीवाहक सोपानराव,
स्टुलावर बसून, बॅटरीचा झोत छताकडं धरून.
"आदेशात दिवा म्हणलंय," ते म्हणाले,
"कोणता ते कुठं लिहिलंय?"
झोत पिवळा पडत चालला होता.

सेलसाठी टिपणी ठेवली आहे.
मंजुरी बाकी.